सोलापुरात आहारसल्ल्याची स्वतःची प्रॅक्टिस: नोकरी सोडण्याआधीपासूनच्या पायऱ्या

माझ्याकडे चौकशीला येणारे साधारण तीन प्रकारचे असतात. पहिले, स्वतःचं पंधरा-वीस किलो वजन उतरवलेले आणि आता गल्लीतल्या सगळ्यांचं उतरवायला निघालेले. दुसरे जिममधले ट्रेनर. "सर, खायचं काय?" याला रोज उत्तर द्यावंच लागतं, मग त्याचे पैसे का घेऊ नयेत, असं त्यांना वाटतं. तिसऱ्या बहुतेक बायका. बँकेत, शाळेत, टॉवेल एक्स्पोर्टच्या ऑफिसात दहा-बारा वर्षं काढलेल्या, कामाला कंटाळलेल्या, पण घराचा हप्ता डोक्यावर असलेल्या. तिघांचाही पहिला प्रश्न एकच, "कोर्स कोणता करू?" मी उलट विचारते, "सल्ला कोणाला देणार? धडधाकट माणसाला की आजारी माणसाला?" शिक्षण, पैसे, जागा, दारावरची पाटी, सगळं या उत्तरावर अवलंबून आहे. म्हणून सुरुवात तिथूनच.

पहिली पायरी: धडधाकट की आजारी, हे ठरवा

धडधाकट माणसाला सल्ला म्हणजे शाळेच्या डब्यावर पालकांशी बोलणं, कंपनीच्या कॅन्टीनचा मेन्यू सुधारणं, पौष्टिक स्वयंपाकाचे वर्ग घेणं, डबे पुरवणं. आजारी माणसाला सल्ला म्हणजे मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, पीसीओएस (बायकांमधला हार्मोन्सचा विकार), मूत्रपिंडाचे विकार, ऑपरेशननंतरचा आहार. पहिल्या कामाला कमी शिक्षणात सुरुवात करता येते. दुसऱ्याला पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयातला अनुभव लागतोच, त्यात तडजोड नाही.

कागदावर ही रेघ स्वच्छ दिसते. पण चाळिशीपुढचा "मला फक्त वजन कमी करायचंय" म्हणणारा माणूस समोर बसला, की दहाव्या मिनिटाला पर्समधून गोळ्यांची पट्टी निघते. बीपीची एक, शुगरची एक, आणि "ही कशाची ते माहीत नाही, डॉक्टरांनी दिली." म्हणजे धडधाकट म्हणून आलेला माणूस तुमच्या खुर्चीत बसल्या बसल्या आजारी निघाला. त्यामुळे एकेकाला समोर बसवून, पैसे घेऊन, आहाराचा तक्ता लिहून द्यायचा असेल, तर माझं मत सरळ आहे: दुसरी वाट धरा आणि पूर्ण शिक्षण घ्या. ते जमणार नसेल तर पहिल्या वाटेवरची कामं करा. त्यातही इज्जत आहे आणि पैसाही आहे, पण तक्ते लिहू नका.

कायद्याचंही इथेच बघून घ्या. केंद्र सरकारने २०२१ मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्निशियन यांच्याबरोबर त्याच्या यादीत आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ दोन्ही आहेत. मान्य शिक्षण, राज्य परिषदेच्या नोंदवहीत नाव, मग व्यवसाय, अशी त्याची रचना आहे. "आपल्याकडे कोण विचारतंय" हे दिवस सरत आलेत. आज प्रवेश घेणाऱ्याने आयोगाच्या निकषात बसणारंच शिक्षण घ्यावं. नाहीतर तीन वर्षांनी पाटी उतरवायची वेळ येईल.

दुसरी पायरी: शिक्षण

घरबसल्या डिग्रीचं स्वप्न असेल तर ते आधी बाजूला ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून आरोग्याशी निगडित विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली आहे. त्यात मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांच्यासोबत अन्न व पोषणशास्त्र आणि क्लिनिकल न्यूट्रिशन व आहारशास्त्र हेही आहेत. नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून एम.एस्सी. करायची, हा आमच्या पिढीचा हमरस्ता होता. तो बंद झाला. ओळखीच्या कोणीतरी "मी तसंच केलं होतं" असं सांगेल. तिचं खरंच तसं झालं असेल, तुमचं होणार नाही.

मग वाट कोणती? ती तुमच्या आधीच्या पदवीवर आहे. गृहविज्ञान, अन्न व पोषण यात बी.एस्सी. असेल तर एक वर्षाची आहारशास्त्राची पदव्युत्तर पदविका किंवा दोन वर्षांची एम.एस्सी. जीवशास्त्र-रसायनशास्त्राची पदवी, नर्सिंग, फार्मसी, बीएचएमएस, बीएएमएस असं काही असेल तर काही संस्था घेतात, काही घेत नाहीत. माहितीपत्रकातली पात्रतेची ओळ स्वतः वाचा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका. बी.कॉम. किंवा बी.ए. असाल तर रस्ता लांबचा आहे: आधी विज्ञानाची पदवी, मग पदव्युत्तर, मग इंटर्नशिप. त्यासाठी बारावीला विज्ञान हवं. पस्तिशीत पाच वर्षं पुन्हा शिकायची तयारी आहे का, हे नवऱ्याशी, बायकोशी, आई-वडिलांशी बसून बोला. नसेल तर पहिल्या वाटेवरची कामं आहेतच.

शिकायचं कुठे? मुंबईत आणि पुण्यात एसएनडीटी महिला विद्यापीठाची गृहविज्ञानाची जुनी परंपरा आहे, मुंबईला निर्मला निकेतन आहे. एसएनडीटी स्त्रियांसाठी आहे, त्यामुळे पुरुषांनी इतर विद्यापीठांची यादी काढावी. सोलापूर, कोल्हापूर, संभाजीनगरच्या महाविद्यालयांत चौकशी करताना तीनच गोष्टी विचारा: विद्यापीठाची मान्यता आहे का, नवीन कायद्याच्या अभ्यासक्रमात बसतो का, आणि इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी पुणं गाठून रात्री परत, हा बेत सेमिनारपुरता ठीक आहे. पूर्ण वेळच्या कोर्सला रोज तसं करणारी मुलगी दिवाळीपर्यंत टिकत नाही. पुण्यात खोली घ्या.

इंटर्नशिपबद्दल थोडं जास्त बोलते, कारण लोक तीच उरकून टाकतात. इंडियन डायटेटिक असोसिएशनची 'नोंदणीकृत आहारतज्ज्ञ', म्हणजे आर.डी., ही परीक्षा द्यायची तर पदव्युत्तर शिक्षणावर रुग्णालयातली सहा महिन्यांची इंटर्नशिप लागते. प्रमाणपत्रापेक्षा त्या सहा महिन्यांत जे दिसतं ते मोलाचं असतं. डायलिसिसवरच्या माणसाला दिवसाला पाणी मोजून का देतात. नळीतून जाणारा आहार कसा बनतो, किती घट्ट ठेवतात. राउंडवर डॉक्टर तुमच्याकडे वळून "प्रोटीन किती देतोय?" विचारतात तेव्हा आकडा तोंडावर असावा लागतो. आपल्या शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं सिव्हिल हॉस्पिटल आहे, सहकारी आणि खासगी मोठी रुग्णालयं आहेत. आहार विभाग कुठे आहे, विद्यार्थी घेतात का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारा. छोट्या नर्सिंग होमचं "सहा महिने काम केलं" असं पत्र कामाचं नाही.

आर.डी. परीक्षा द्यावी का? द्या. मोठ्या रुग्णालयात तेच विचारतात, आणि डॉक्टरांशी पहिली ओळख करून देताना नावापुढची ही दोन अक्षरं अर्धा तास वाचवतात.

राहिले आठवड्याचे, महिन्याचे सर्टिफिकेट कोर्स. शिकण्यासाठी करायला हरकत नाही, त्यांच्या जोरावर रुग्ण बघायला हरकत आहे. आणि एक प्रकार वेगळाच सांगायला हवा. सकाळी सहाला एखाद्या फ्लॅटमध्ये वजनकाटा, भिंतीवर आधीचे-नंतरचे फोटो, आणि ग्लासात शेक. तिथल्या ताई-दादांना 'वेलनेस कोच' म्हणतात. तुम्हालाही तीन महिन्यांत कोच करतो म्हणतील. तो पावडर विकण्याचा आणि खाली माणसं जोडण्याचा धंदा आहे. करायचा असेल तर विक्रीचा धंदा म्हणून करा. आहारसल्ल्याची प्रॅक्टिस आणि तो, दोन्ही एकत्र चालत नाहीत, कारण समोरच्याला भाकरी-आमटी पुरेशी आहे हे सांगायची तुमची सोयच राहत नाही.

तिसरी पायरी: पैशाचा हिशेब, राजीनाम्याआधी

आकडे मी उदाहरणाला घेतेय, तुमच्या भागातले तुम्ही घाला. समजा पहिल्या भेटीचे ६०० रुपये आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या पाठपुराव्याचे २,४०० रुपये. महिन्याला २४ नवे लोक आले आणि त्यातल्या निम्म्यांनी पाठपुरावा घेतला. पहिल्या भेटींचे १४,४००, पाठपुराव्याचे २८,८००, एकूण ४३,२००. जागेचं भाडं, फोन, पेट्रोल, छपाई, हिशेबनीस मिळून १०,००० गेले तर हातात ३३,२००. हे झालं चांगल्या महिन्याचं. सुरुवातीला निम्मे लोक येतात असं धरलं तर जमा २१,६०० होते, खर्च मात्र तेवढाच राहतो, आणि हातात उरतात ११,६००.

यात वेळही मोजा. पहिली भेट एक तास धरली तर २४ तास. दरमहा १२ नवे पाठपुरावे म्हणजे तिसऱ्या महिन्यात ३६ माणसं चालू. पंधरा दिवसांनी एकदा भेट धरली तर महिन्याला ७२ भेटी, वीस मिनिटांची एक, असे आणखी २४ तास. शिवाय तक्ते लिहिणं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे "मॅडम, आज लग्नाला जायचंय" हे मेसेज, ते वेगळेच.

म्हणून शिक्षण संपल्यावर किमान नऊ-दहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय दुसरं उत्पन्न सोडू नका. अर्धवेळ रुग्णालयाची नोकरी आणि संध्याकाळी स्वतःची प्रॅक्टिस, ही जोडी सुरुवातीला सगळ्यात बरी. पगार येतो, आणि डॉक्टरांच्या ओळखी आपोआप होतात. दिवाळी ते लग्नसराई हा काळ मंदीचा धरा. दिवाळीनंतर "आता बघते" म्हणणारे खूप, येणारे संक्रांतीनंतर.

चौथी पायरी: सोलापूरचं ताट शिका

पुस्तकात ओट्स, ब्राउन राइस आणि ब्रोकोली असते. अशोक चौकात विडी वळणाऱ्या मावशींसमोर तो तक्ता ठेवलात तर त्या मान हलवतील, घरी जातील आणि परत येणार नाहीत. म्हणून कोर्स चालू असतानाच आपल्या शहराच्या खाण्याचा वेगळा अभ्यास करा. सगळ्यात आधी दोन गोष्टी डाउनलोड करून ठेवा. दोन्ही हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या: २०१७ चे भारतीय अन्नघटक तक्ते आणि २०२४ ची भारतीयांसाठीची आहार मार्गदर्शक तत्त्वं. १९१८ मध्ये कुन्नूरला सुरू झालेली ही संस्था १९५८ पासून हैदराबादला आहे. आपल्याला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, तरी इथल्या फार थोड्या लोकांना तिचं नाव माहीत असतं.

आता ज्वारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, मालदांडीचा अभिमान आपल्या सगळ्यांना आहे, आणि "भाकरी खाल्ली की वजन उतरतं" हा समज त्याहून पक्का आहे. अन्नघटक तक्ते उघडा. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३४ कॅलरी, गव्हाच्या पिठात सुमारे ३२०. म्हणजे कॅलरीत दोघींत फारसा फरक नाही. प्रथिनं दोन्हीकडे दहा ग्रॅमच्या आसपास. भाकरीचा फायदा आहे, पण तो वेगळ्या वाटेने येतो: ती मोठी असते, चावावी लागते, तिच्यासोबत पालेभाजी-आमटी येते, आणि तेल लावून भाजत नाहीत. हे लोकांना समजावता आलं पाहिजे, नाहीतर पोळीच्या जागी चार भाकऱ्या खाऊन माणूस महिन्याने तक्रार घेऊन येतो.

दुसरी आपली शेंगा चटणी. १०० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं आणि ४० ग्रॅम चरबी. शाकाहारी लिंगायत घरात, विडी कामगाराच्या घरात, जिथे डाळ रोज पातळ असते, तिथे ही चटणी प्रथिनांचा खरा आधार आहे. तिला तक्त्यातून हाकलू नका, फक्त मोजा. आणि मोजायची कशी, ते पहिल्या भेटीत कळतं. अशी एक भेट सांगते, थोड्याफार फरकाने रोज घडणारी.

"काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं, मावशी?"
"काय नाय ओ. नुसता चहा."
"नुसता?"
"दोन बटर."
"मग?"
"मग अकराला जेवले. दोन भाकरी, वांग्याची भाजी, चटणी."
"चटणी किती?"
"थोडी."

इथे पेन खाली ठेवायचं आणि टेबलाखालचा डबा वर काढायचा. माझ्या डब्यात खरी शेंगा चटणी, पोह्याचा चमचा, दोन आकारांच्या वाट्या आणि पुठ्ठ्यातून कापलेल्या तीन आकारांच्या भाकऱ्या असतात. "यातली किती, घेऊन दाखवा." मावशी चमचा बाजूला सारतात, चिमटीने घेतात, परत घेतात, मग मध्ये खड्डा करून "यात तेल" म्हणतात. काट्यावर ठेवलं तर चटणी ४० ग्रॅम, म्हणजे तेलाआधीच २०० कॅलरी. साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीएवढ्या. भाकरीही त्या पुठ्ठ्यातली सगळ्यात मोठी उचलतात. "नुसता चहा" पुढे विचारत गेलं की दिवसात पाच वेळा निघतो, विड्या वळताना भूक मारायला घेतलेला. आता ह्या बाईंचा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट नऊ, म्हणजे कमी, असेल तर जेवणाला चिकटून येणारा चहा तासभर पुढे ढकलणं आणि ताटावर अर्धं लिंबू पिळणं, हे तुमचं पहिलं पाऊल. चहातल्या घटकांमुळे लोह कमी शोषलं जातं, लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे वाढतं. लोहाची गोळी डॉक्टर देतील, तिचं काम तुम्ही बिघडू द्यायचं नाही.

तेलाचं असंच. "तेल कमी वापरता का?" याला सोलापुरात कोणीही "हो" म्हणतं. त्याऐवजी विचारा, "पंधरा किलोचा डबा किती दिवस जातो, आणि घरात खाणारी तोंडं किती?" पाच माणसं, दोन महिने, म्हणजे माणशी दिवसाला ५० ग्रॅम. बैठं काम करणाऱ्याला साधारण २५-३० ग्रॅम पुरतं. हा भागाकार त्यांच्यासमोर कागदावर करा. तुम्ही काही बोलायच्या आतच सासूबाई सुनेकडे बघतात.

कडक भाकरी चांगली, टिकते, प्रवासात सोयीची, पण चुरून आमटीत खाल्ली की किती गेली ते कळत नाही. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याला "रात्री आठनंतर खाऊ नका" हा सल्ला निरुपयोगी आहे. त्याचं जेवण पाळीनुसार बसवा. रविवारचं मटण बंद करायला सांगू नका, रस्सा आणि तर्री किती ते बघा. एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, श्रावण हे तक्त्यात आधीच लिहा. पंढरपूरच्या जिल्ह्यात राहून उपवास विसरणारा आहारतज्ज्ञ लोकांना पटत नाही. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्याऐवजी भगर, दाण्याची आमटी, ताक, फळ बसवता येतं. मधुमेही मुस्लीम व्यक्तीला रमजानच्या आधीच डॉक्टरांकडे पाठवा, रोजांच्या दिवसांत गोळ्यांच्या वेळा बदलाव्या लागतात. ते काम तुमचं नाही. सहर आणि इफ्तारला काय खायचं, ते तुमचं.

भाषेचं सांगायला नको, सोलापुरात राहता. तरी कानडी आणि तेलुगूत निदान "काय खाल्लं, किती, कधी" एवढं विचारता येऊ द्या. घरच्या भाषेत विचारलं की आकडे खरे निघतात.

पाचवी पायरी: कागदपत्रं

हा भाग लोक उगीच मोठा करतात. एकट्याने काम करायचं तर मालकी व्यवसाय पुरतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे नोंद, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची. दुकानं व आस्थापना कायद्याखाली एकट्या माणसाला नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना पुरते. व्यवसाय कराचं नावनोंदणी प्रमाणपत्र घ्या, वर्षाला २,५०० रुपये. सेवा व्यवसायात उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. बँकेत वेगळं चालू खातं काढा, घरचे आणि प्रॅक्टिसचे पैसे एकत्र करू नका. नाचणीचे लाडू, पीठ, प्रीमिक्स विकणार असाल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची (एफएसएसएआय) नोंदणी वेगळी लागते. मी तर म्हणेन पहिलं वर्ष काहीच विकू नका.

लोकांचे रिपोर्ट, वजन, आजार ही त्यांची खासगी माहिती आहे, आणि २०२३ पासून वैयक्तिक डेटाचा कायदाही आहे. फोटो किंवा "तीन महिन्यांत बारा किलो" असलं काही टाकण्याआधी लेखी परवानगी घ्या. सोलापूर लहान आहे, मान फिरवलेल्या फोटोतली बाईही जुळे सोलापुरात कोणीतरी ओळखतंच.

सहावी पायरी: जागा आणि सामान

स्वतःचा गाळा लगेच घेऊ नका. सात रस्ता, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत दवाखाने भरपूर आहेत. एखाद्या फिजिशियनच्या किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात आठवड्यातून तीन संध्याकाळी खोली भाड्याने मिळते का बघा. भाडं ठरावीक ठेवा. टक्केवारीवर नको, कारण पुढच्या पायरीला कळेल.

सामान थोडं: खात्रीचा डिजिटल वजनकाटा, भिंतीवरची उंची मोजायची पट्टी, न ताणणारा टेप, स्वयंपाकघरातला छोटा काटा, आणि तो वर सांगितलेला डबा. वजनाइतकंच कमरेचं माप घ्या. आपल्या लोकांत पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या पुढे गेली की धोका वाढतो, बीएमआयलाही, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्यालाही, २३ पासूनच जास्त वजन धरतात. चरबीची टक्केवारी दाखवणारं महागडं यंत्र पहिल्या वर्षी घेऊ नका. पाणी प्यायलं-न प्यायलं तरी त्याचे आकडे हलतात, आणि मग तुमचा अर्धा वेळ ते समजावण्यात जातो.

सातवी पायरी: डॉक्टर, आणि कट

रुग्ण बहुतेक डॉक्टरांकडूनच येतात. ओळख करून घ्यायला जाताना पेढे आणि डायरी नेऊ नका, एक नमुना पत्र न्या: रुग्ण पाठवल्यावर तुम्ही डॉक्टरांना काय लिहून कळवणार याचा. पाच ओळी पुरतात: आताचा आहार, मुख्य अडचण, सुचवलेला बदल, पुढची भेट, आणि डॉक्टरांना विचारायचा प्रश्न. असं पत्र प्रत्येक रुग्णामागे जाऊ लागलं की तीन-चार महिन्यांत तेच डॉक्टर स्वतःहून फोन करतात.

कधीतरी कटाचा, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरांना द्यायच्या कमिशनचा, विषय निघेलच. कोणी तोंडावर बोलत नाही, कंपाउंडरमार्फत निरोप येतो. द्यायचा नाही. वैद्यकीय नीतिनियमांत ते डॉक्टरांनाही मना आहे, आणि एकदा दिलात की तुमची फी तुमची राहत नाही. असे डॉक्टर सोडून द्या, बाकीचे पुरेसे आहेत.

आठवी पायरी: कुठे थांबायचं

दवाखान्यात बसण्याआधी हा कागद स्वतःच्या अक्षरात लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याचं खाणं अचानक कमी करायचं नाही, साखर घसरून माणूस रस्त्यात पडतो. डॉक्टरांशी बोलून, मात्रा ठरवून मगच. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला "उन्हाळा आहे, नारळपाणी प्या" म्हणायचं नाही, त्यातलं पोटॅशियम त्याला जड जातं. कमी सोडियमच्या मिठातही पोटॅशियमच असतं, त्यामुळे बीपीवाल्याला ते सुचवण्याआधी मूत्रपिंडाचे रिपोर्ट आणि चालू गोळ्या विचारा. रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनची गोळी चालू असेल तर पालेभाज्या एकदम वाढवायच्या नाहीत, एकदम बंदही करायच्या नाहीत. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांपासून चार तास लांब. प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर त्याचं अभिनंदन करायचं नाही, तपासणीला पाठवायचं. खाऊन उलट्या काढणारी, जेवण टाळून लपवणारी कॉलेजची मुलगी आली तर वजनाचं बोलणं थांबवून मानसोपचारतज्ज्ञ आणि आई-वडील, दोघांना बरोबर घ्यायचं. आणि डॉक्टरांनी लिहिलेली कोणतीही गोळी तुमच्या शब्दावर बंद होता कामा नये. "आहाराने शुगर उतरलीय, गोळी सोडू का?" असं हमखास विचारतील. उत्तर एकच: रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, हवं तर मी पत्र देते.

जाहिरातीलाही हाच नियम. "मधुमेह मुळापासून बरा" असलं पाटीवर नको, रीलमध्येही नको. जाहिरात मानक परिषदेने २०२३ पासून आरोग्य-पोषणावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरना शिक्षण आणि पात्रता स्पष्ट दाखवायला सांगितलंय. नावापुढे 'डॉ.' लावायचा मोह काहींना होतो. पीएच.डी. किंवा वैद्यकीय पदवी नसेल तर लावू नका, आणि कोणी "डॉक्टर मॅडम" म्हणालं तर तिथल्या तिथे दुरुस्त करा.

पहिले तीन महिने

पहिल्या दिवशी सात पानांचा तक्ता देऊ नका. दोन बदल सांगा, कागदाच्या एका बाजूला मोठ्या अक्षरात लिहा, शक्यतो घरच्या स्वयंपाक करणाऱ्या बाईसमोर. सासू खोलीत असेल तर तिच्याशीही बोला, कारण तेलाचा डबा तिच्या ताब्यात असतो. दहाव्या दिवशी तुम्हीच फोन करा. पंधराव्या दिवसाची वाट बघत बसलात तर निम्मे लोक लाजेखातर येत नाहीत, "काही पाळलंच नाही, आता कसं तोंड दाखवू" म्हणून. फोनवर वजन विचारू नका. "भाकरीबरोबर भाजी किती होती काल?" एवढंच विचारा आणि पुढच्या भेटीची वेळ ठरवून टाका.

प्रत्येकाची वेगळी फाइल ठेवा: तारीख, वजन, कंबर, काय सांगितलं, काय पाळलं. वर्षअखेरीला त्या फाइली काढून बसा आणि कोण मध्येच सुटले ते बघा. आजार, वय, कामाची पाळी, भाग यातलं काहीतरी सारखं निघतं. पुढच्या वर्षी खोली कुठे घ्यायची, कोणत्या वारी उशिरापर्यंत बसायचं आणि कोणते रुग्ण सरळ दुसऱ्याकडे पाठवायचे, हे त्यावरून ठरवा.